अर्धलीचं पोर

१

सकाळी उठल्यावर कुणी देवाचं नाव घेतं, कुणी तंबाखू मळतं. बिराप्पा आधी मेंढरं चाचपायचा. वाघरीत, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, शिरून एकेकीची पापणी उलटायची, खुरात बोट घालायचं, कानामागून हात फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. मेंढरं आटोपली की पालाशी येऊन तो त्याच हातानं आपल्या पोरालाही चाचपायचा. सिदू त्याचं नाव. पाच वर्षांचं, नवसासायासानं झालेलं, एकुलतं एक.

"आवं, पोरगं हाय ते, कोकरू न्हवं," हरणाबाई हसायची.

"मला दोन्ही सारखीच," बिराप्पा म्हणायचा.

दुष्काळाचं साल होतं, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. आटपाडीकडं प्यायला पाणी नव्हतं. गावातली माणसं खडी फोडायला गेली आणि बिराप्पा मेंढरं घेऊन पश्चिमेला आला. साताऱ्याच्या बाहेर तात्याबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्यानं कळप बसवला होता. रानाला खत मिळायचं, ह्यांना जोंधळा. पोटाचं भागत होतं.

शिमगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सिदूच्या डाव्या कानामागून हात फिरवला, आणि बोट अडकलं.

कानाच्या कडेला खाच होती. रक्त नाही, खपली नाही. जुनी, भरून आलेली, कडा गुळगुळीत. कातरीच्या टोकानं घ्यावी तशी. अशा खाचा बिराप्पानं जन्मभर मेंढरांच्या कानांना घेतल्या होत्या, त्यामुळं ती कशाची आहे हे बोटाला आधी कळलं आणि डोक्याला नंतर.

"हरणे, ह्याच्या कानाला काय झालं?"

"उंदरानं कुरतडलं असंल. रानात उंदरं का थोडी हायती?" तिनं भाकरी थापता थापता वर बघितलंच नाही.

असेल बाबा उंदीर. पण उंदरानं काल रात्री चावलं तर आज सकाळी जखम भरलेली कशी? आणि काल सकाळी तर ह्याच हाताला हाच कान धड लागला होता.

सिदू उठला, अंगावरची माती झटकली आणि मेंढरांकडं पळाला.

२

आता थोडं मागं गेलं पाहिजे. पौषात हे पोर हातचं गेल्यातच जमा होतं.

छाती भरली होती. खोकला असा, की खोकून झालं की शेवटी 'हूक' असा एक बारीक आवाज निघायचा, कोकराच्या नरड्यात काडी अडकावी तसा. तो हूक ऐकला की हरणाबाई हातातलं टाकून धावायची. साताऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सुई टोचली, औषध दिलं आणि बिराप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याला मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्या नको, आजच."

दोघं पोराला घोंगड्यात गुंडाळून स्टँडकडं निघाले. मिरजेची गाडी गेलेली होती, दुसरी सकाळी. बाहेर वारा हाडात घुसत होता. तात्याबाच्या रानाकडं परत फिरावं म्हणून निघाले, तर जुन्या लष्करी कँपाच्या टोकाला सिदूचे ओठ काळे पडायला लागले.

तिथं एक जुनं चर्च होतं. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं, काळ्या दगडाचं, उंच. पलटण गेली, साहेब गेले. रविवारी कँपातली चार घरं प्रार्थनेला यायची, एरवी आंतोन नावाचा एक गोव्याचा म्हातारा किल्ली घेऊन बसायचा. तरुणपणी आगबोटीवर आचारी होता, आता चर्चच्या पितळी समया घासायचा. त्यानं ह्यांना फाटकाशी बघितलं.

"आत आणा त्याला," तो म्हणाला. "वाऱ्यात मरेल ते पोर."

असली खोली बिराप्पानं बघितली नव्हती. छप्पर इतकं वर, की तिथं अंधारच राहायचा. लाकडी बाकांच्या ओळी, भिंतीत मेलेल्या सोजिरांच्या नावांच्या पाट्या, मेणाचा वास. सिदू खोकला की तो खोकला सगळीकडं फिरून परत यायचा. बिराप्पा बिचकून उभा होता. मग बाजूच्या कोनाड्याकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा जीव एकदम सैल झाला.

माणसाएवढी लाकडी मूर्ती होती. अनवाणी पाय, बगलेत काठी आणि दोन्ही खांद्यांवर आडवं टाकलेलं कोकरू.

"हरणे, ह्यो तर आपल्यातला हाय."

"मेंढपाळच आहे तो," आंतोन म्हणाला. "चुकलेलं कोकरू घरी आणतो."

"पाय बघ कसं धरल्यात. म्हागचं एका मुठीत, म्होरचं एका मुठीत. हे शिकवून येत न्हाई."

आंतोन संध्याकाळची घंटा वाजवायला गेला. बिराप्पानं पोराला कोनाड्याच्या पायरीवर निजवलं आणि मूर्तीशी बोलला, जत्रेत भेटलेल्या धनगराशी बोलावं तसं.

अर्धली म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. ज्याच्याच्यानं राखणं होत नाही, तो आपली मेंढी दुसऱ्याच्या कळपात सोडतो. होणाऱ्या कोकरांत निम्मी राखणाऱ्याची, निम्मी मालकाची. शिमग्याला वाटे पडतात. राखणारा आपल्या वाट्याच्या कोकराच्या कानाला कातर लावतो, मालकाचं तसंच धड ठेवतो. सगळा व्यवहार शब्दावर. आणि जाणती माणसं एकच बजावून सांगतात, की एकुलतं एक जनावर अर्धलीनं देऊ नये. एकाचे दोन वाटे कसे पाडणार?

हे बिराप्पाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गळ्याशी आलं की शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं.

"गड्या," तो म्हणाला, "माझ्याच्यानं हे राखवंना. तू राख. अर्धलीनं ठेव. जगलं तर निम्मं तुजं, निम्मं माजं."

मग तो उठला आणि हरणाबाईचा दंड धरला.

"चल भाईर."

"पोराला टाकून?"

"राखणीला दिल्यावर म्हागं उभं ऱ्हाऊ न्हाई. विस्वास न्हाई असं हुतं."

तिनं त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं, रडली, पण तो बधला नाही. दाराबाहेरच्या ओसरीत दोघं घोंगडं पांघरून बसली. आतून खोकला येत होता. प्रत्येक हुकाला हरणाबाई पदर चावायची. पहाटे केव्हातरी खोकला थांबला, आणि दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं.

उजाडल्यावर आंतोननं दार उघडलं. सिदू आपल्या पायांनी चालत बाहेर आला. कपाळ गार, ओठ लाल.

"आये, भूक लागलीया," तो म्हणाला.

बिराप्पा पायरीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. आंतोननं छातीवर क्रूस काढला. त्या आनंदात कोनाड्याकडं वळून कुणी बघितलं नाही.

३

कानाची खाच सापडली त्या दिवसापासून बिराप्पा पोराकडं बघायला लागला. आधी नुसता बाप होता, आता पारखी झाला. आणि पारखायला लागलं की खोट दिसतेच.

सिदू आजारपणानंतर एकदाही शिंकला नव्हता. थंडीत उघडा फिरला तरी नाक वाहिलं नव्हतं. चांगलंच की, बिराप्पा स्वतःला म्हणायचा, देवानं तब्येत दिली तर तक्रार कसली?

मेंढरं त्याच्यामागं चालायची. तशी ती आधीही यायची, पण तेव्हा त्याला हाका माराव्या लागायच्या, पाल्याची डहाळी दाखवावी लागायची. आता तो नुसता उठला की सगळा कळप उठायचा. तो बसला की बसायचा.

झोपेत त्याचा जबडा हलायचा. आडवा, सावकाश. तोंडात काही नसताना.

"जंत झालं असतील," हरणाबाई म्हणाली. "पोरं दात खात्यात झोपंत."

दात खाल्ले तर करकर वाजतात. इथं आवाज नव्हता. बिराप्पा उशाशी बसून ते बघत राहायचा. अर्ध्या आयुष्यात त्यानं हजार मेंढरं रवंथ करताना बघितली होती, आणि तरी त्यानं मनाला समजावलं, की बाबा, तुला सगळीकडं मेंढरंच दिसत्यात.

मग एका दुपारी खोकला ऐकू आला.

ऊन मी म्हणत होतं. बाभळीच्या सावलीत तो, हरणाबाई आणि सिदू भाकरी खात बसले होते. वारा कँपाच्या बाजूनं फिरला आणि त्या वाऱ्यात खोकला होता. लांबचा, पण स्वच्छ. शेवटी तो बारीक हूक. सिदू समोर बसून कांदा फोडत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

बिराप्पाच्या हातातला घास तसाच राहिला. त्यानं बायकोकडं बघितलं. ती खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. मोडून झालेला तुकडा पुन्हा मोडत होती.

"काय ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"काय बी न्हाई," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

४

गुढीपाडवा आला आणि गेला. बिराप्पाला अन्न गोड लागेना. कळपात एखादं दुखणाईत जनावर आहे हे ठाऊक असावं आणि ते कुठलं ते सापडू नये, तसं झालं होतं. शेवटी एका सकाळी सिदू मेंढरांमागं गेल्यावर तो चुलीपाशी बसला आणि बायकोला सगळं बोलून मोकळा झाला.

"कानाला कातर कुणी लावतो, हरणे?"

"मला काय इचारता."

"राखणारा लावतो. आपल्या वाट्याला. शिमग्याला वाटं पडलं. ज्याच्या कानाला खाच हाय ते त्याचं. आपलं न्हवं."

हरणाबाई उठली. तिचा चेहरा बघून बिराप्पाला वाटलं ही आता फुंकणी मारते.

"तुमचं डोस्कं फिरलंय. माझं पोरगं माझ्या म्होरं हिंडतंय, खातंय, मला आये म्हणतंय. मी त्याला न्हाऊ घालती रोज. मला कळंना व्हय माझं कुठलं त्ये?"

"तेच इचारतोय. तुला न्हाऊ घालताना कळलं न्हाई?"

तिनं वाकून चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग हळूच खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"करदोडा," ती म्हणाली.

"कसला करदोडा?"

"त्याच्या कंबरंचा. मी बांधलेला, काळा, सात गाठीचा. आजारी पडला तवा बांधलावता. त्या दिवशी सकाळी भाईर आला तर कंबरंला न्हवता. मला वाटलं तुटून पडला असंल." तिनं पदर खाली घेतला. "आन् खोकला मी रोज ऐकती. पाण्याला गेलं की रोज. मला वाटायचं, न्हाई बोललं तर थांबंल. आवं, माझं पोरगं थितं एकलं खोकतंय का वं तवापासनं?"

बिराप्पानं मान वर केली. पालाबाहेर सिदू उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्याच्यामागं सगळी मेंढरं, आणि एकीच्याही गळ्यातली घंटी वाजली नव्हती.

"जायचं का?" त्यानं विचारलं. चिडून नाही, रडून नाही. बाजाराला जायचं का, असं विचारावं तसं.

५

दुपारचे तिघे चर्चपाशी आले. हरणाबाईनं ओसरीतच बसकण मारली.

आंतोन दारातच बाकावर समई घासत होता. सिदूला बघून त्याला आनंद झाला.

"अरे वा, घोडा झाला की हा."

बिराप्पा आत बघत होता. आतलं सगळं बदललं होतं. जिथं जिथं मूर्ती होती, तिथं तिथं आता जांभळं कापड उभं होतं. वरपासून खालपर्यंत झाकलेलं, गाठी मारलेलं. भिंतीकडेला माणसं घोंगडी घेऊन उभी असावीत तशी.

"हे काय केलंसा?"

"आमचे दुःखाचे दिवस आहेत बाबा. ईस्टरपर्यंत देव झाकायचे. सणाच्या दिवशी उघडायचे. आता सगळीकडं करत नाहीत, पण हे जुनं चर्च, इथं जुनंच चालतं."

"मला त्यो मेंढक्या बघायचाय. एकडाव."

"आता नाही उघडत कुणी." आंतोननं घासणं थांबवलं. त्याच्या मनात काहीतरी बरेच दिवस असावं, कारण तो आपणहून बोलला. "झाकताना कापड पुरलं नाही ह्या वेळी. दर वर्षी तेच कापड पुरतं. ह्या वेळी जोड द्यावा लागला." मग समई खाली ठेवून, "बोटीवर होतो तेव्हा मनिलाला उतरायचो. तिथं लई जुनी चर्चं. एकात असाच मेंढपाळ बघितला होता. हात असेच, पाय धरल्यासारखे. पण खांद्यावर काही नव्हतं. मी विचारलं, तर तिथला माणूस मला हाताला धरून बाहेर घेऊन आला."

"मला आत जाऊ द्या."

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नाही म्हणायचं त्याला जमलं नाही. तो उठून विहिरीवर हात धुवायला गेला आणि परत यायची त्यानं घाई केली नाही.

आत गारवा होता. रंगीत काचांतून लाल ऊन फरशीवर पडलं होतं. बिराप्पा पोराचा हात धरून चालला, आणि त्याला स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. पोराच्या नाही.

कोनाड्यातलं जांभळं कापड खाली सरळ होतं, पण वर खांद्यांपाशी फुगलेलं होतं. कोकरू एवढं मोठं नव्हतं. बिराप्पाला ते आठवत होतं, मूठभर कोकरू होतं ते. कापडातून आता गुडघ्यासारखं काहीतरी वर आलं होतं. डोकं असावं तिथं कापड आत जात होतं आणि बाहेर येत होतं, आणि आत जाताना एक घरघर व्हायची.

खिडकीतून वारा येत असेल, बिराप्पानं मनाशी म्हटलं. त्यानं खिडकीकडं बघितलं. खिडकी बंद होती.

मग कापड खोकलं. शेवटी हूक निघाला.

कापडाच्या जोडाखालून एक पाय लोंबत होता, पोटरीपासून खाली. लाकडी नव्हता. अंगठ्याला आटपाडीच्या काट्याची जुनी खूण होती, ती बिराप्पानंच सुईनं काढताना राहिलेली. त्यानं हात पुढं केला आणि पायाला लावला.

पाय तव्यासारखा तापला होता.

६

इथं बिराप्पा किती वेळ उभा राहिला ते त्याला सांगता आलं नसतं. पण काय कळलं ते सांगता आलं असतं. मेंढक्यानं फसवलं नव्हतं. शब्दाला जागला होता. जगलेलं निम्मं त्यानं स्वतःच्या वाट्याला घेतलं होतं आणि मालकाचं मालकासाठी ठेवलं होतं, जसं दिलं तसं. ताप, घरघर, खोकला, सगळं पौषातलं, थेंबभरही कमी न होता.

त्याच्या हातात जो हात होता तो गार आणि निरोगी होता. हा हात धरून बाहेर गेलं असतं तर कुणी अडवलं नसतं. मेंढक्यानं काही मागितलं नव्हतं. हरणीनं न्हाऊ घातलं असतं, पोर वाढलं असतं, लग्न झालं असतं. कानाला काय, उंदीर चावला म्हणायचं. आणि वारा कँपाकडून आला की कान झाकून घ्यायचे, जन्मभर.

बिराप्पाला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, त्या घडीला त्याला तेच हवं होतं.

"आबा," खालून पोर म्हणालं. "तुजं वर हाय."

आणि त्यानं आपला हात सोडवून घेतला, कोनाड्याच्या पायरीवर जाऊन बसलं आणि जबडा हलवायला लागलं.

बिराप्पानं जन्मात दुखणाईत कोकरू मागं टाकलं नव्हतं. घाटात, पावसात, लांडग्याच्या वाटेवर, कधीच नाही. मरणार हे दिसत असलं तरी ते खांद्यावर घ्यायचं, चालत राहायचं आणि मेलं तर खांद्यावर मरू द्यायचं. त्याचे हात आपोआप वर गेले. कापडाखाली ते वजन त्याच्या हातांत आलं, आणि सुटताना दोन लाकडी मुठी उघडल्यासारखा आवाज झाला. त्यानं वर बघितलं नाही. मागचे पाय एका मुठीत, पुढचे हात एका मुठीत, असं त्यानं ते कापडासकट खांद्यावर घेतलं आणि दाराकडं चालू लागला. उंबऱ्यावरून त्यानं एकदा मागं नजर टाकली, पायरीपुरती. पायरीवर कुणी नव्हतं.

हरणाबाई ओसरीत उठून उभी राहिली. ती त्याच्या मागं बघत होती, चालत येणाऱ्या पोरासाठी. कुणी आलं नाही. मग तिनं खांद्यावरच्या जांभळ्या गाठोड्याकडं बघितलं. कापड उघडलं नाही, नुसता हात आत घातला.

"आवं, अंग लय तापलंय," ती म्हणाली. आणि तिचा हात कंबरेपाशी थांबला. "करदोडा हाय."

दोघं स्टँडकडं धावत सुटली. ह्या खेपेला मिरजेची गाडी उभी होती.

"दोन आन् एक अर्धं," बिराप्पा कंडक्टरला म्हणाला. कंडक्टरनं मांडीवरच्या कापडाकडं बघितलं, खोकला ऐकला आणि पुढची माणसं उठवून ह्यांना खिडकीची जागा दिली.

"पोराला वारं लागू द्या," तो म्हणाला.

कराडला खोकला जोरात होता. हरणाबाई थोपटत होती, मिरज आलीच बघ, म्हणत होती, कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक. कराड सुटल्यावर हूक बारीक झाला. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत ना खोकला ऐकू आला, ना श्वास. हरणाबाईनं थोपटणं थांबवलं नाही. कापडही उघडलं नाही.

बिराप्पानं कापडाखाली हात घातला आणि सवयीनं कानामागून फिरवला. आधी उजव्या, मग डाव्या. कड गोल होती, धड होती. कुठं खाच नव्हती.